झिप करण्याआधी: नगरच्या रेकॉर्ड रूममधून एक चक्कर

संशोधनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात कधीतरी लॅपटॉपवर ती सूचना येतेच. डिस्कवर जागा उरलेली नाही. मग आपण जुने फोल्डर चाळायला लागतो. पहिल्या वर्षाचे प्रयोग, सर्वेक्षणाचे फोटो, मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज, प्रबंधाचे सतरा मसुदे. काढून टाकायचा धीर होत नाही आणि ठेवायला जागा नाही. अशा वेळी मनात येतं, सगळं झिप करून टाकू. काही गमावायचं नाही आणि जागाही मोकळी.

तुम्ही पीएचडीची तयारी करत असाल, तर हा प्रश्न आज ना उद्या तुमच्यासमोर येणार आहे. त्याचं तांत्रिक उत्तर पाच मिनिटांत मिळतं. पण ‘जुनं कसं सांभाळायचं, किती दाबायचं, काय फेकायचं’ हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. सरकारी कचेऱ्यांनी तो दीडदोनशे वर्षं हाताळलाय, आणि त्यातला एक गाजलेला प्रयोग आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला आहे. म्हणून आज आधी थोडा इतिहास बघू आणि मग तुमच्या डिस्ककडे येऊ.

नगरचा प्रयोग: आधी छाननी, मग मांडणी

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अनिलकुमार लखीना हे नगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कलेक्टर कचेरीच्या कामकाजाची जी फेररचना केली, ती पुढे ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर माहीत झाली. आजही महसूल खात्यातल्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही. कचेरीतली बसण्याची व्यवस्था, लोकांची कामं, टेबलावरचे कागद आणि जुन्या फाइलींची व्यवस्था, हे सगळे प्रश्न त्यात एकत्र घेतले होते.

या पद्धतीबरोबर ‘सहा गठ्ठे’ हा शब्द हमखास येतो. कारकुनाने आपल्याकडचे सगळे कागद सहा भागांत लावायचे: ज्यावर आत्ता काम करायचंय ती प्रकरणं, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी प्रकरणं, ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिकं, कायम हाताशी लागणारे स्थायी आदेश, काम संपल्यामुळे अभिलेख कक्षात पाठवायच्या फाइली, आणि नष्ट करायचे कागद.

शेवटचे दोन गठ्ठे नीट बघा. काम संपलेला कागद एक तर रेकॉर्ड रूममध्ये जातो, नाही तर नष्ट होण्याच्या वाटेला लागतो. ‘असू दे, नंतर बघू’ असा सातवा गठ्ठा त्यात नाही. आपल्या लॅपटॉपवर मात्र तोच सगळ्यात मोठा असतो. ‘नवीन फोल्डर (३)’ किंवा ‘जुनं सगळं’ अशा नावाने तो पडून असतो.

रेकॉर्ड रूममध्ये गेलेल्या कागदाचीही वर्गवारी असते. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत ती साधारण अशी: ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ वर्ग तीस वर्षं, ‘क’ वर्ग दहा वर्षं, ‘क-१’ पाच वर्षं आणि ‘ड’ वर्ग एक वर्ष. प्रकरण बंद करतानाच फाइलीवर तिचा वर्ग टाकायचा असतो. म्हणजे ‘ही फाइल किती वर्षं लागेल?’ हा निर्णय कपाट भरल्यावर घ्यायचा नसतो. तो त्या प्रकरणाची माहिती डोक्यात ताजी असताना घ्यायचा असतो. दहा वर्षांनी दुसराच कारकून कपाट उघडतो, त्याला त्या फाइलीतलं काही कळत नाही, आणि मग तो एक तर सगळंच ठेवतो किंवा सगळंच फेकतो.

आपलंही तसंच होतं. फरक एवढाच की दोन्ही कारकून आपणच असतो. तीन वर्षांपूर्वीचे आपण आणि आजचे आपण यांची फारशी ओळख उरलेली नसते.

दाबणं म्हणजे नेमकं काय

आता ‘कॉम्प्रेस’ करण्याकडे येऊ. त्यासाठी रेकॉर्ड रूममधलाच एक जुना गठ्ठा उघडू, मोडीचा.

मोडी ही घाईची लिपी. हात फारसा न उचलता, शब्द न तोडता, विरामचिन्हांशिवाय लिहायची. मौजे, परगणे, तारीख असे पानोपानी येणारे शब्द पूर्ण न लिहिता त्यांची एक-दोन अक्षरी रूपं वापरायची. नेहमी येणाऱ्या गोष्टीला छोटं चिन्ह आणि क्वचित येणाऱ्या गोष्टीला पूर्ण शब्द, हे कारकुनांनी अनुभवातून शोधलं होतं.

हेच तत्त्व गणितात नीट मांडलं गेलं ते विसाव्या शतकात. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी माहिती मोजायची कशी आणि ती कमीत कमी किती जागेत मावेल याची मर्यादा सांगितली. त्यानंतर १९५१ मध्ये एमआयटीत डेव्हिड हफमन नावाचा विद्यार्थी रॉबर्ट फॅनो यांच्या वर्गात होता. परीक्षेऐवजी निबंध लिहिण्याची मुभा होती. विषय हाच होता: कोणत्या अक्षराला किती लांबीचं चिन्ह दिलं तर एकूण लांबी सर्वांत कमी होईल? हफमनने त्याचं सर्वोत्तम उत्तर शोधलं आणि ते १९५२ मध्ये प्रसिद्ध झालं. टर्म पेपर गांभीर्याने घ्यावा याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी कल्पना १९७७ ची, अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह यांची. एखादा मजकूर आधी येऊन गेला असेल तर तो पुन्हा लिहू नका, ‘मागे अमुक ठिकाणी बघा, तिथून इतकी अक्षरं घ्या’ एवढंच लिहा. फेरफाराच्या नोंदवहीत तीच ती वाक्यं शंभर वेळा येतात. तिथे ही युक्ती किती जागा वाचवेल याचा अंदाज करा. १९८९ मध्ये फिल कॅट्झ यांनी आणलेली झिप आणि १९९२ ची जीझिप यांच्या पोटात या दोन्ही कल्पना एकत्र काम करतात.

मराठीचा यात एक छान फायदा आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, त्यामुळे साधी मराठी फाइल इंग्रजीपेक्षा फुगलेली असते. पण त्या तीनपैकी पहिला बाइट कायम एकच असतो आणि दुसरा दोनपैकीच एक. पुनरावृत्ती भरपूर असल्यामुळे मराठी मजकूर झिपमध्ये छान आक्रसतो.

पण हे सगळीकडे चालत नाही, आणि त्याचं कारण साधं मोजून सांगता येतं. दहा बिटांच्या वेगवेगळ्या फाइली किती? १०२४. दहापेक्षा कमी बिटांच्या, अगदी रिकामी धरून, एकूण किती? १०२३. म्हणजे प्रत्येक दहा बिटी फाइल लहान करायची म्हटली तर किमान दोन फाइलींना एकच रूप द्यावं लागेल, आणि परत उघडताना कोणती कोणाची ते कळणार नाही. सगळ्याच फाइली लहान करणारी बिनतोटा पद्धत असूच शकत नाही. पद्धत फक्त पुनरावृत्ती खाते.

व्यवहारात याचा अर्थ असा: पर्जन्यमानाची सीएसव्ही फाइल भरपूर आक्रसेल. नगरसारख्या पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात वर्षातले बहुतेक दिवस शून्यच असतात. पण जेपीजी फोटो, एमपी-३, व्हिडिओ आणि बहुतेक पीडीएफ आधीच दाबलेले असतात. ते झिप करून जवळपास काहीच वाचत नाही, वर उघडायची एक पायरी वाढते. डिस्क भरली म्हणून फोटोंचं फोल्डर झिप करणं म्हणजे बांधलेल्या गाठोड्याला आणखी एक फडकं गुंडाळण्यासारखं आहे.

तोटा होतो तेव्हा

आतापर्यंत बिनतोटा दाबण्याबद्दल बोललो. उघडल्यावर बाइटन् बाइट परत मिळतो. दुसरा प्रकार तोट्याचा. त्यात काही माहिती मुद्दाम टाकून दिली जाते, ‘ही कुणाला लागणार नाही’ असं धरून. जेपीजी आणि एमपी-३ हे त्यातले. इथे धोका वाढतो, कारण ‘कुणाला लागणार नाही’ हे कोणी ठरवलं?

मोडीतही असा तोटा आहे. मोडी लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळत नाहीत. इकाराचं एकच वळण, उकाराचं एकच. रोजच्या कारकुनाला त्याने काही अडत नव्हतं, गाव आणि माणसं त्याच्या ओळखीची होती. आज दोनशे वर्षांनी एखाद्या अनोळखी आडनावाशी आपण अडखळतो. तोटा तोच, पण वाचणारा बदलला.

सात-बारा हे याहून जवळचं उदाहरण. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, १२ म्हणजे पिकांची नोंदवही. सात-बारावर जमिनीची आजची स्थिती दिसते. ती तिथपर्यंत कशी आली हे सांगणारी नोंद असते गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. वारस लागले, खरेदी झाली, बोजा चढला, की तिथे क्रमांक पडतो आणि तो क्रमांक सात-बारावर गोल करून येतो. ज्याचा हक्क गेला त्याच्या नावाला कंस होतो.

हाताने लिहिलेल्या सात-बाऱ्याचं साधारण दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होत असे. नव्या पानावर चालू नावं उतरवली जात आणि कंसातली नावं मागे राहत. पान स्वच्छ, वाचायला सोपं, जागाही कमी. दाबण्याची चांगली पद्धत आहे ही, पण एका अटीवर: जुनं पान आणि फेरफार नोंदवही रेकॉर्ड रूममध्ये शाबूत पाहिजे. ती नसेल, तर नव्या उताऱ्यावरचा गोलातला क्रमांक नुसता आकडा उरतो. पणजोबांच्या नावाला कंस कधी झाला, कुठल्या व्यवहाराने झाला, हे मग कोर्टात कोण सांगणार?

तुमच्या संशोधनातही हेच नातं असतं. अंतिम तक्ता म्हणजे सात-बारा. मूळ मोजमापं आणि त्यांवर चालवलेला प्रोग्राम म्हणजे फेरफार. जागा कमी पडली की आपण नेमका फेरफार उडवतो, कारण तो मोठा असतो आणि ‘निकाल तर आहेच की’ असं वाटतं.

सरासरी हीसुद्धा तोट्याची दाबणीच आहे. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीकडे धो धो पाऊस पडतो आणि पाथर्डी-जामखेडकडे टँकर फिरतात. जिल्ह्याच्या सरासरीचा एक आकडा ठेवून केंद्रनिहाय नोंदी काढून टाकल्या, तर जागा खूप वाचेल. पण जो आकडा उरेल तेवढा पाऊस यांपैकी कुठेच पडत नाही.

१८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड निघाला, तो आपल्या नगर जिल्ह्याचा. जमीन, पिकं, जाती, बाजार, दुष्काळ, इतिहास, सगळा जिल्हा एका जाड खंडात बसवलेला. संशोधनाची सुरुवात करायला आजही त्याच्याइतकं सोयीचं साधन क्वचित सापडेल. पण त्यात काय आलं आणि काय गळलं, हे तेव्हाच्या प्रशासनाच्या प्रश्नांनी ठरवलं. तुमचा प्रश्न वेगळा असेल, तर गॅझेटियर पुरत नाही आणि मूळ दफ्तराकडेच जावं लागतं.

दाबलेला कागद खोटं बोलतो तेव्हा

तोट्याची दाबणी नुसती माहिती गाळत नाही. कधी कधी ती चुकीची माहिती आत घालते. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या काही स्कॅनर-कॉपियर यंत्रांमधली अशी चूक उघड केली. बांधकामाचा एक नकाशा स्कॅन केला होता. त्यात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती: १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी १४.१३ आलं. अक्षर कुठे पुसट नव्हतं, शाई फुटलेली नव्हती. आकडा स्वच्छ छापलेला आणि चुकीचा.

कारण दाबण्याच्या पद्धतीत होतं. जेबिग-२ नावाची ती पद्धत पानावरचे सारखे दिसणारे तुकडे शोधते आणि एकच तुकडा सगळीकडे वापरते. लेंपेल-झिव्हचीच कल्पना, फक्त ‘तंतोतंत तोच’ ऐवजी ‘जवळपास तसाच’. ६ आणि ८ लहान अक्षरात जवळपास सारखेच दिसतात. कंपनीला पुढे यंत्रांसाठी दुरुस्ती द्यावी लागली.

आता विचार करा, जुन्या उताऱ्यांचे स्कॅन करून मूळ कागद काढून टाकला आणि स्कॅनमध्ये गट नंबरातला ६ चा ८ झाला. पुसट कागदावर निदान शंका तरी येते, इथे तीही येणार नाही. तुम्ही जुनी कागदपत्रं स्कॅन करणार असाल, तर स्कॅनरचा ‘लहान फाइल’ हा पर्याय बंद ठेवा. मोडीचे बारीक फराटे जेपीजीच्या जोरदार दाबणीत असेच विरघळतात.

पुढचा प्रश्न आज माहीत नसतो

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम होतं जुन्या कागदपत्रांत कुणबी नोंदी शोधण्याचं. आधी मराठवाड्यासाठी, नंतर राज्यभर. शाळांची प्रवेश रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, महसुली कागद, आणि त्यातलं पुष्कळसं मोडीत. गावोगाव रेकॉर्ड रूम उघडल्या गेल्या आणि मोडी वाचणाऱ्या माणसांचा शोध सुरू झाला.

आरक्षणाच्या वादात तुमची बाजू कोणतीही असो, अभिलेखाच्या दृष्टीने ही घटना बघा. शंभर वर्षांपूर्वी कोतवाल बुकात जन्म लिहिणाऱ्याला जन्म-मृत्यूची मोजदाद करायची होती. त्या नोंदीतला एक शब्द पणतवंडाच्या दाखल्यासाठी लागेल हे त्याला कसं कळणार? कुणी वर्षाअखेरीस बेरीज करून फक्त आकडे ठेवले असते, तर त्या काळाच्या गरजेपुरतं ते अगदी बरोबर होतं. आज मात्र उघडून बघायला काही उरलं नसतं.

दुसरी गोष्ट, कागद शाबूत असूनही वाचणारा मिळेना. १९१७ मध्ये मुंबई इलाख्याच्या प्रशासनाने मोडीऐवजी बाळबोध वापरायचं ठरवलं, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत सर्वसाधारण मराठी माणसाची मोडी गेली. आपल्या नगरच्या ऐतिहासिक वस्तू संग्रहालयात मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. तो दाबलेला नाही, जळालेला नाही, पण मोडी शिकल्याशिवाय तो तुमच्यासाठी बंद फाइलच आहे.

संगणकात हे फार लवकर घडतं. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फाइली खास फाँटांत टाइप केलेल्या असत. तो फाँट नसेल तर फाइल उघडते आणि समोर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे मराठी प्रबंध ज्यांनी सीडीवरून उघडून पाहिलेत त्यांना हे ठाऊक असेल. झिप हा प्रकार जुना आणि खुला आहे, त्याची रचना जाहीर आहे, म्हणून तो टिकला. एखाद्या कंपनीच्या बंद प्रकारात तुमचा डेटा दाबून ठेवलात, तर किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहते.

आता विज्ञानातलं उदाहरण. नगरहून कल्याण रस्त्याने आळेफाट्याकडे गेलं, की पुढे जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी लागते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची रेडिओ दुर्बीण. अशा दुर्बिणींत आकाशातून येणारा कच्चा संकेत सगळाच्या सगळा साठवणं परवडत नाही. त्याची काळानुसार सरासरी घेऊनच बहुतेक काम चालतं. म्हणजे तोट्याची दाबणी इथे टाळता येत नाही. प्रश्न उरतो, कोणता तोटा पत्करायचा?

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. २००१ मध्ये तिथे स्पंदक ताऱ्यांच्या शोधासाठी निरीक्षणं घेतली गेली. प्रत्येक नमुना फक्त एका बिटात साठवला होता, संकेत मर्यादेच्या वर की खाली एवढंच. तीव्रतेची जवळपास सगळी बारीक माहिती टाकून दिलेली. पण वेळेची बारकाई त्यांनी राखली, दर मिलिसेकंदाला एक नमुना. सहा वर्षांनी डंकन लोरिमर यांच्या गटातला डेव्हिड नार्केविक हा पदवीचा विद्यार्थी तो जुना डेटा चाळत होता. त्याला पाच मिलिसेकंदांपेक्षाही कमी टिकलेला एक प्रचंड स्फोट सापडला. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि ‘जलद रेडिओ स्फोट’ हे खगोलशास्त्रातलं नवं क्षेत्र उघडलं.

जागा वाचवायला म्हणून कुणी त्याच डेटाची दहा-दहा सेकंदांची सरासरी घेऊन मूळ काढून टाकलं असतं, तर तो स्फोट सरासरीत बुडाला असता. एका बिटाची दाबणी चालली, कारण काय मोजायचंय याचा विचार करून कोणती बारकाई सोडायची ते ठरवलं होतं.

आता तुमची डिस्क

तर डिस्क भरल्यावर पहिला प्रश्न ‘कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?’ हा नाही. पहिलं काम वर्ग टाकण्याचं. नगरच्या कचेरीसारखे चार वर्ग करा.

‘अ’ वर्ग: जे पुन्हा निर्माण करता येणार नाही. मुलाखतींची मूळ रेकॉर्डिंग्ज, शेतात किंवा प्रयोगशाळेत घेतलेली कच्ची मोजमापं, संमतिपत्रं, वहीचे स्कॅन, निकाल काढणारा अंतिम प्रोग्राम. हे फक्त बिनतोटा दाबायचं, आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायचं. मुलाखतीचं वेव्ह रेकॉर्डिंग फ्लॅकमध्ये केलंत तर बरीच जागा वाचते आणि आवाज जसाच्या तसा परत मिळतो. एमपी-३ करून मूळ उडवू नका. उद्या कुणाला त्याच आवाजातून नगरी बोलीच्या उच्चारांचा अभ्यास करायचा असेल.

‘ब’ वर्ग: पुन्हा करता येईल, पण महिना जाईल. स्वच्छ केलेला डेटा, हाताने केलेली लिप्यंतरं. हेही बिनतोटा.

‘क’ वर्ग: प्रोग्राम पुन्हा चालवला की मिळेल असं. मधले तक्ते, आलेख. प्रबंध सादर होईपर्यंत झिप करून ठेवा, नंतर काढलं तरी चालेल. फक्त तो प्रोग्राम ‘अ’ वर्गात खरोखर आहे ना, आणि चालतो ना, हे आधी बघा.

‘ड’ वर्ग: डाउनलोड केलेले लेख, एकाच फाइलीच्या पाच प्रती, सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली. हे झिप करत बसू नका, सरळ काढा. बहुतेकांची जागा इथेच सुटते आणि दाबण्याची वेळही येत नाही.

दाबायचं ठरलं तर क्रम चुकवू नका. आधी मूळ फाइलींचा ‘शा-२५६’ सारखा तपासणी-आकडा काढून ठेवा. फाइलीतला एक बाइट बदलला तरी हा आकडा बदलतो. मग झिप करा. मग ती झिप दुसऱ्या फोल्डरमध्ये, शक्यतो दुसऱ्या संगणकावर, पूर्ण उघडा आणि आकडे जुळतात का पाहा. त्यानंतरच मूळ काढा. झिप तयार झाली म्हणजे ती उघडते असं नाही.

सगळं एका अवाढव्य गठ्ठ्यातही बांधू नका. साध्या मजकुराच्या फाइलीत एक बाइट खराब झाला तर एखादं अक्षर जातं. दाबलेल्या फाइलीत तोच एक बाइट पुढचं सगळं वाचेनासं करू शकतो, कारण पुढचा मजकूर मागच्याकडे बोट दाखवत असतो. झिप प्रत्येक फाइल वेगळी दाबते, त्यामुळे एक गेली तरी बाकीच्या बहुधा वाचतात. टार करून जीझिप केलेला गठ्ठा मात्र एकसंध असतो. रेकॉर्ड रूममध्येही वर्षावार आणि विषयवार रुमाल वेगळे बांधतात, अख्ख्या तालुक्याचं एक गाठोडं करत नाहीत.

आणि प्रत्येक गठ्ठ्याबाहेर यादी पाहिजे. आत काय आहे, कुठल्या तारखेचं, कोणत्या उपकरणाने घेतलेलं, रकाने कशाचे, एकक कोणतं, उघडायला काय लागतं. ही साध्या मजकुराची एक छोटी फाइल, न दाबलेली, झिपच्या शेजारी ठेवा. मराठी मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये आहे ना ते पाहा. पाच वर्षांनी तुमच्या जागी आलेला कनिष्ठ विद्यार्थी ती यादी वाचून पाच मिनिटांत हवी ती फाइल काढू शकला पाहिजे.

तुम्ही अजून संशोधनाच्या उंबरठ्यावर असाल, तर तुमच्याकडे एक सोय आहे जी तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या कुणाकडेच नसते: तुमची डिस्क अजून रिकामी आहे. पहिल्या दिवशीच अ, ब, क, ड असे चार फोल्डर करा, आणि फाइल तयार होईल तेव्हाच तिचा वर्ग ठरवा. नंतर ठरवायला बसलात तर तेव्हा तुम्हाला ती फाइल कशाची होती हेच आठवायचं नाही.